भाड्याची खोली आणि घरातील हिशेब



मी बँकेत कारकून आहे. पदवी कला शाखेची, त्यामुळे अर्थशास्त्राचा पंडित असल्याचा माझा दावा नाही. परंतु कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षे बसल्यामुळे काही गोष्टी वारंवार नजरेस पडतात. त्यातील एक आपल्या सर्वांच्या उपयोगाची वाटते, म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्या मालेगावात नोकरी लागलेला मुलगा चार-पाच वर्षांत बँकेत येतो आणि विचारतो, "साहेब, वरती दोन खोल्या काढायच्या आहेत. भाड्याने देऊ. कर्ज मिळेल का?" मी विचारतो, "जागा कोणाच्या नावावर आहे?" तो म्हणतो, "वडिलांच्या." "हप्ता कोण भरणार?" "मी." "आणि भाडे कोण घेणार?" या प्रश्नावर तो थोडा थांबतो आणि हसून म्हणतो, "साहेब, ते काय, घरातच आहे!"

हे "घरातच आहे" म्हणजे नेमके काय, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. भाड्याच्या मालमत्तेत भाडेकरू त्रास देतो अशी सर्वांची समजूत असते. माझा अनुभव निराळा आहे. भाडेकरूचे भांडण बहुधा काही महिन्यांत मिटते. आई-वडील, भाऊ आणि बहिणी यांच्यातील न बोललेला हिशेब मात्र पिढी संपली तरी मिटत नाही.

आपण खोल्या का बांधतो?

मालेगाव हे यंत्रमागाचे गाव. माग दिवसपाळी-रात्रपाळी चालतात, आणि त्यावर काम करायला माणसे बाहेरगावाहून येतात. कॅम्पातील महाविद्यालयामुळे खेड्यापाड्यांतील मुले खोली शोधत येतात. बदलीवर आलेले शिक्षक, कचेरीतील कर्मचारी, दवाखान्यातील परिचारिका यांनाही जागा हवी असते. त्यामुळे एक खोली, मोरी आणि सामाईक संडास एवढी सोय असली तरी भाडेकरू मिळतो. शेअर बाजार आपल्याला कळत नाही, सोने चोरीला जाण्याची भीती असते. भिंत मात्र डोळ्यांना दिसते. म्हणून थोडी शिल्लक पडली की आपला माणूस विटा आणि सिमेंट यांकडे वळतो.

आपल्या समाजात याला आणखी एक कारण आहे, आणि ते पैशाचे नाही. आपल्या आधीच्या पिढीतील कितीतरी जणांना आडनाव सांगितल्यावर खोली मिळाली नाही. "आताच दिली हो" असे म्हणून दार लावून घेतलेले त्यांनी पाहिले आहे. अशा माणसाने आयुष्याच्या अखेरीस स्वतःच्या दोन खोल्या बांधल्या, तर त्या खोल्यांत त्याचा सारा मान गुंतलेला असतो. मुलांना तिथे भाडे दिसते, तर वडिलांना तिथे आपले आयुष्य दिसते. पुढील पुष्कळ गैरसमज येथूनच सुरू होतात.

राजगृह आणि चार मिनार

या बाबतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातील एक भाग मुद्दाम पाहण्यासारखा आहे. त्यांच्या ग्रंथांविषयी आपण पुष्कळ बोलतो, पण घरांविषयी फारसे बोलत नाही.

बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे निवृत्तिवेतनावर जगणारे गृहस्थ. मुंबईत परळ भागातील चाळीतल्या एका खोलीत त्यांनी संसार मांडला, तो मुख्यतः मुलांच्या शिक्षणासाठी. भीमरावांना पुस्तक हवे असले आणि जवळ पैसे नसले, की रामजी आपल्या विवाहित मुलींकडे जात. मुलीजवळ रोकड नसली तर तिचा दागिना घेऊन तो गहाण टाकीत आणि पेन्शन आली की सोडवून परत करीत, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. म्हणजे त्या शिक्षणात वडिलांच्या पेन्शनबरोबर बहिणींचे दागिनेही होते. ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

१९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी गेले. परदेशात शिकून आलेल्या या विद्वानाला त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही, आणि पारशी धर्मशाळेतूनही बाहेर पडावे लागले. पुढे मुंबईत परळलाच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत ते कुटुंबासह बरीच वर्षे भाड्याने राहिले. १९३० च्या सुमारास त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत दोन भूखंड घेतले आणि कर्ज काढून दोन इमारती उभ्या केल्या. त्यापैकी 'राजगृह' ही कुटुंबाच्या राहण्यासाठी आणि ग्रंथसंग्रहासाठी होती. १९३३ साली ते तेथे राहायला गेले. दुसरी 'चार मिनार' ही भाड्याने देण्यासाठी बांधली होती. ९ मे १९४१ रोजी त्यांनी 'चार मिनार' विकून टाकली, कर्ज फेडले आणि ग्रंथ घेतले. 'राजगृह' मात्र राखले.

बँकेत काम करणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहिले तर यात मोठा धडा आहे. राहते घर वेगळे आणि उत्पन्नाचे घर वेगळे. कोणते कशासाठी हे आधी ठरलेले होते. त्यामुळे अडचण आली तेव्हा उत्पन्नाचे घर विकता आले आणि कुटुंबाचे छप्पर शाबूत राहिले. आपण बहुतेक वेळा नेमके याच्या उलट करतो. राहत्या घरावरच खोल्या चढवतो, त्याच घरावर कर्ज काढतो, आणि हप्ता थकला की आई-वडिलांच्या डोक्यावरचे छप्परच गहाणात असते.

आई-वडील किती रूपांनी येतात?

भाड्याच्या खोल्यांमध्ये आई-वडिलांचा भाग चार प्रकारचा असतो. एकाच घरात हे चारही प्रकार असू शकतात.

पहिला भाग जागेचा. खालचे घर, जोते, मोकळा वाडा हे त्यांचे असते. मुलगा म्हणतो, "बांधकाम मी केले." ते खरेच आहे, पण बांधकाम हवेत होत नाही.

दुसरा भाग पैशाचा. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, कधी आईची पाटली. ही रक्कम बहुधा एकदाच मिळते आणि पुन्हा कधीही मिळत नाही.

तिसरा भाग सहीचा. बँक वडिलांना सहकर्जदार करते, कारण जागा त्यांच्या नावावर असते. येथे एक बाब स्पष्ट करतो. सहकर्जदार म्हणजे निव्वळ साक्षीदार नव्हे. मुलाने हप्ता चुकवला तर बँक संपूर्ण रक्कम वडिलांकडे मागू शकते. याउलट, एखाद्याने सहकर्जदार म्हणून वर्षानुवर्षे हप्ते भरले, तरी मालकीच्या कागदावर त्याचे नाव नसेल तर केवळ हप्ते भरल्याने तो मालक ठरत नाही. कर्जाची सही आणि मालकीचे नाव या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

चौथा भाग कष्टाचा. मुलगा नाशिकला किंवा पुण्याला असतो. भाडेकरूचा नळ गळतो, दिवा जातो, महिना संपतो. तेव्हा दारावर थाप आईच्याच पडते. भाडे मागणे, किल्ली सांभाळणे, रिकामी खोली झाडून ठेवणे ही कामे आई-वडील करतात. हे काम बाहेरच्या माणसाकडून करून घेतले तर पैसे द्यावे लागतील. घरच्यांकडून होते म्हणून त्याची नोंद कोठेच होत नाही.

आकडे काय सांगतात?

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावेत.

समजा, वरचे बांधकाम १२ लाखांचे आहे. वडिलांनी आपल्या फंडातून ४ लाख दिले आणि मुलाने ८ लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने १५ वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे ८,११४ रुपये येतो, म्हणजे वर्षाला ९७,३६८ रुपये. दोन खोल्यांचे भाडे प्रत्येकी ३,५०० रुपये धरू. वर्षातून एक महिना खोल्या रिकाम्या राहिल्या तर ७७,००० रुपये हाती येतात. घरपट्टी, रंग, दुरुस्ती यांसाठी ९,००० वजा केले तर ६८,००० उरतात. म्हणजे हप्ता भरायला दरवर्षी २९,३६८ रुपये मुलाच्या पगारातून जातात. "भाड्यातून हप्ता फिटतो" ही समजूत येथेच खोटी ठरते.

पण याहून महत्त्वाचा आकडा पुढे आहे. वडिलांचे ४ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले असते तर? २०२३-२४ साली या योजनेचा व्याजदर ८.२ टक्के होता. त्या दराने वर्षाला ३२,८०० रुपये, म्हणजे महिन्याला २,७३३ रुपये, कोणाकडेही हात न पसरता वडिलांच्या खात्यावर आले असते. खोल्या बांधल्यावर ते बंद झाले. मुलगा पगारातून २९,३६८ घालतो ते सर्वांना दिसते, कारण ते खात्यातून कापले जातात. वडील ३२,८०० गमावतात ते कोणालाच दिसत नाही, कारण ते आलेलेच नसतात. तक्त्यात लिहिले तर पहिल्या वर्षांत वडिलांचा त्याग मुलाच्या त्यागापेक्षा कमी नाही.

याचा अर्थ खोल्या बांधू नयेत असा नाही. १५ वर्षांनी कर्ज फिटते आणि इमारत राहते. परंतु त्या १५ वर्षांत ६० वर्षांचे वडील ७५ वर्षांचे होतात. औषधाचा खर्च आज आहे आणि फायदा पुढे आहे. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, आई-वडिलांचा पैसा घेतला तर पहिल्या महिन्यापासून भाड्यातील ठराविक रक्कम त्यांच्या स्वतःच्या खात्यावर जमा व्हावी. हातात नव्हे, खात्यावर. ज्या आईला स्वतःच्या खात्यातून पैसे काढता येतात, तिला सुनेकडे औषधाचे पैसे मागावे लागत नाहीत.

नाव कोणाचे?

महाराष्ट्रात २०२१ पासून महिलेच्या नावे घर खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. त्यामुळे "आईच्या नावावर घेऊ" असे पुष्कळजण म्हणतात. हेतू चांगलाच आहे. पण एकदा आईच्या नावावर झाले की ते घर आईचे. तिने मृत्युपत्र केले नाही तर तिच्यामागे तिचे पती, मुलगे आणि मुली हे सर्व समान वारस होतात. पैसे एकाने भरले होते हे मग कोर्टात सिद्ध करत बसावे लागते.

आणखी एक धोका आहे. १९८८ चा बेनामी व्यवहारांचा कायदा २०१६ साली फार कडक करण्यात आला. पत्नीच्या किंवा मुलांच्या नावे स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून घेतलेली मालमत्ता त्यातून वगळली आहे. भाऊ, बहीण किंवा आई-वडील यांच्या बाबतीत मात्र पैसे देणाऱ्याचेही नाव कागदावर सहमालक म्हणून असावे लागते. म्हणजे आपला पैसा घालून केवळ आईच्या नावावर घर घेणे आणि "खरे तर माझेच आहे" असे मानणे हे कायद्याने सुरक्षित नाही. एक तर दोघांची नावे लावावीत, नाहीतर आईला पैसे खरोखरच द्यावेत आणि घर तिचेच मानावे.

आपल्याकडे नेहमी विचारला जाणारा प्रश्न असा : "आपण बौद्ध, मग आपल्याला कोणता वारसा कायदा?" १९५६ चा हिंदू वारसा कायदा नावाने हिंदू असला तरी बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे, असे त्या कायद्यातच लिहिले आहे. मुस्लिम शेजाऱ्यांचा वारसा त्यांच्या व्यक्तिगत कायद्याने ठरतो. तेव्हा शेजारच्या घरी झालेली वाटणी पाहून आपल्या घरचा निर्णय करू नये.

या कायद्यानुसार वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर पत्नी, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असल्यास ती, या सर्वांना सारखा वाटा मिळतो. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा वाटा कमी होत नाही. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ सालीच केली होती. तिच्यात काही मर्यादा होत्या. २००५ साली केंद्राने ती देशभर लागू केली. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, २००५ साली वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हा हक्क कायम आहे.

एक बाब फार थोड्यांना ठाऊक असते. मुलाच्या नावावर घर असेल आणि दुर्दैवाने मुलगा आधी गेला, तर त्याची आई ही त्याच्या पत्नी-मुलांबरोबर समान वारस असते. पण वडिलांना, ते सर्व असताना, वाटा मिळत नाही. म्हणजे ज्या वडिलांनी सारा फंड घातला, ते कायद्याच्या दृष्टीने रिकाम्या हाताचे राहू शकतात. म्हणून पैसा देताना वडिलांनी संकोच न करता सहमालक म्हणून आपले नाव लावावे.

हयातीतच घर मुलाला बक्षीसपत्राने देणाऱ्यांनी आणखी जपावे. राहते घर मुलाला किंवा मुलीला बक्षीस देण्यास महाराष्ट्रात नाममात्र मुद्रांक शुल्क आहे, त्यामुळे हे दस्त पटकन होतात. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह कायद्यात अशी सोय आहे की, सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि नंतर सांभाळ झाला नाही, तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून तो दस्त रद्द करून घेता येतो. पण ती अट दस्तातच लिहिलेली असावी. "मुलगा आहे, अट काय घालायची?" या भिडेपोटी अट राहून जाते आणि पुढे सिद्ध करणे जड जाते.

सिगालोवाद सुत्तात आई-वडिलांची मुलांप्रती जी पाच कर्तव्ये सांगितली आहेत, त्यात योग्य वेळी वारसा सोपवणे हे एक आहे. "योग्य वेळी" या शब्दांवर विचार व्हावा. फार लवकर दिले तर वृद्धपण उघडे पडते. काहीच न ठरवता गेले तर मुले भांडतात.

नातेवाईक भाडेकरू आणि कागद

मामेभाऊ, मेहुणा, गावाकडचा चुलत पुतण्या यांना खोली देण्याचा प्रसंग प्रत्येकावर येतो. "त्याच्याशी कसला करार?" असे आई म्हणते. तीन महिने भाडे येते, मग शाळेची फी आडवी येते, मग आजारपण. मागावे तर नाते तुटते, न मागावे तर हप्ता थकतो. माझे मत असे की, नातेवाइकाला मदत करायची असेल तर भाडे उघडपणे कमी ठरवावे. पण जे ठरेल ते लिहावे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज चुकीचा आहे. करार नोंदवला नाही तर शिक्षेची तरतूद आहे. शिवाय वाद झाल्यास अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. नात्यातला भाडेकरूही या नियमाला अपवाद नाही.

आणि भाडेकरूच्या बाजूलाही कुटुंब असते, हे विसरू नये. रीतसर भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयांना कायदा संरक्षण देतो. मागावरचा कामगार किंवा खेड्यातून शिकायला आलेला मुलगा यांना खोली देताना आपल्या वडिलांना विचारला गेलेला प्रश्न आपण विचारू नये. ओळखपत्र पाहावे, पोलीस ठाण्यात माहिती द्यावी, अनामत रकमेची पावती द्यावी. जात आणि आडनाव यावरून दार लावू नये.

माझ्या घरची गोष्ट

इतके सारे लिहिणाऱ्या माझ्या घरी काय झाले, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

माझे वडील एस.टी. मध्ये होते. २००४ साली निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून त्यांनी वरती दोन खोल्या काढायचे ठरवले. स्लॅबच्या वेळी पैसे कमी पडले. माझ्या थोरल्या बहिणीने लग्नापूर्वी शिलाई मशीन चालवून पोस्टात साठवलेले २२ हजार रुपये लग्नानंतरही तसेच ठेवले होते. ते तिने आणून दिले. सेंट्रिंगवाल्याला त्या दिवशी ते पैसे मी स्वतः मोजून दिले. माझ्याही पगारातून पुढे फरशी, पाण्याची टाकी, जिना झाला. वडील म्हणायचे, "या खोल्या म्हणजे तुझ्या आईची पेन्शन."

२०१३ साली वडील गेले. मृत्युपत्र नव्हते. कायद्याने आई, आम्ही दोघे भाऊ आणि ताई असे चार सारखे वाटे होत होते. उताऱ्यावर नावे लावताना सर्वांनी सांगितले की, बहिणीचे हक्कसोडपत्र करून घ्या, तशी रीतच आहे. मी कागद तयार करून घेतला. रक्षाबंधनाला ताई आली होती. दुसऱ्या दिवशी तिला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात घेऊन गेलो. तिने विचारले, "यात काय लिहिले आहे रे?" मी म्हणालो, "काही नाही, नाव लावायचे आहे." तिने सही केली आणि अंगठाही दिला.

मी बँकेत रोज लोकांना सांगतो की, वाचल्याशिवाय सही करू नका. त्या दिवशी माझ्या सख्ख्या बहिणीला मी ते सांगितले नाही.

पुढे भाडे मी घेऊ लागलो. आईला लागेल तसे देत होतो, म्हणजे तिने मागितले की देत होतो. २०२१ साली कोरोनात मेहुणे गेले. ताई मुलाच्या फीसाठी आली. तिने माझ्याकडे वाटा मागितला नाही, वीस हजार उसने मागितले. ती गेल्यावर आईने पेटीतून एक वही काढली. वडिलांच्या हातची ती बांधकामाची वही होती. विटा, वाळू, लोखंड, गवंडी यांच्या नोंदींत एक ओळ होती : मुलीकडून २२,०००, स्लॅबसाठी. आई एवढेच म्हणाली, "त्यांनी लिहून ठेवले होते. तू वाचले नाहीस."

तो वर्षभराचा विषय झाला. धाकट्या भावाशी बोललो, पत्नीशी बोललो. घरात मतभेद झाले, ते लपवत नाही. "कागद झाला आहे, आता कशाला?" असेही ऐकले. शेवटी वकिलांच्या सल्ल्याने आम्ही कौटुंबिक व्यवस्थापत्र केले. आज एका खोलीचे भाडे थेट आईच्या खात्यावर आणि दुसऱ्या खोलीचे ताईच्या खात्यावर जाते. घरपट्टी आणि दुरुस्ती आम्ही दोघे भाऊ करतो. आईच्या पश्चात काय, तेही त्यात लिहिले आहे. ताईने हा कागद मात्र माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला, आणि मगच सही केली.

काय लिहून ठेवावे?

पाया खणण्यापूर्वी किंवा खरेदीखत करण्यापूर्वी, सर्वांना समोर बसवून पुढील बाबी साध्या मराठीत एका वहीत लिहाव्यात :

१. जागा कोणाची, आणि बांधकामाला कोणी किती पैसे दिले. दागिना दिला असेल तर त्या दिवशीची त्याची किंमत लिहावी. मुलींनी आणि सुनांनी दिलेलेही लिहावे.

२. दिलेले पैसे उसने, देणगी की मालकीतील भाग.

३. कर्जाचा हप्ता कोण भरणार, आणि त्याची नोकरी गेली तर कोण भरणार.

४. भाडे कोणाच्या खात्यावर जमा होणार, आणि त्यातून आई-वडिलांना दरमहा किती मिळणार.

५. खोल्यांची देखरेख करणाऱ्याला काय मिळणार.

६. आई-वडील कोठे आणि कोणाजवळ राहणार. त्यांना खालच्या मजल्यावरून कोणीही हलवू नये, ही अट पहिली असावी.

७. घर विकायचे ठरल्यास कोणाकोणाची संमती लागेल.

८. मृत्युपत्र केव्हा करणार. वडील आणि आई दोघांनीही वेगवेगळे करावे.

खाली सर्वांच्या सह्या आणि तारीख असावी. ही वही म्हणजे नोंदणीकृत दस्त नव्हे. मालकी ठरवण्यासाठी वकिलांकडून रीतसर कागद करावाच लागतो. पण वहीमुळे प्रत्येकाला प्रत्येकाचे देणे कळते, आणि कागद करताना कोणाची ओळ गाळली जात नाही.

विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगावेसे वाटते. तुम्ही शिकून नोकरीला लागाल, तेव्हा घरी सर्वांत जास्त वाचता येणारे तुम्हीच असाल. आई, मावशी, बहीण कागद घेऊन तुमच्याकडे येतील आणि विचारतील, यात काय लिहिले आहे. तेव्हा शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवा. मला एकदा तशी संधी मिळाली होती आणि मी ती दवडली.